पाठीमागचा उद्या

रुरेनाबाकेच्या धक्क्यावर एदिल्बेर्तोनं
मासळीच्या काट्याला आपल्या सॅक लटकवल्या.
तुझी अठरा किलो, माझी अकरा.
"बाईंनी काय काय घरी ठेवलं?" त्यानं विचारलं.
तू म्हणालास, "बोलणं."
तो हसला. मीही हसले, उशिरा.

याकुमा नदी गुळवणीच्या रंगाची.
काठावर कापिबारांचं अख्खं खटलं,
पंगतीत वाढप्याची वाट पाहत बसावं तसं,
आणि हातभर अंतरावर मगर, जबडा वासून.
तिलाही कसली घाई नाही.
फांदीवर सेरेरे पक्षी, तुरा विस्कटलेला,
अंगाला शेणाचा वास.
"कुणी खात नाही त्याला," एदिल्बेर्तो म्हणाला,
"म्हणून टिकला."
तू माझ्याकडे पाहिलंस.
चार दिवस आंघोळ नव्हती.

गुलाबी बुफेओंचे तू दोनशे फोटो काढलेस.
रात्री मच्छरदाणीत आपण एकेक पाहिला,
सगळ्यांत नुकतंच मिटलेलं पाणी.
आणि मधेच, अंगठा चुकून लागला म्हणून,
टोरांटोहून आलेलं पत्र,
शुक्रवारपर्यंत उत्तर मागणारं.
तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.
बाहेर बेडूक ओरडत होते,
ते ओरडतच राहिले.

मग बस. धूळ, दरड, खिडकीखाली थेट दरी.
पुढच्या सीटवर मांडीत कोंबडा घेतलेला म्हातारा
दर वळणाला त्याच्या डोळ्यांवर हात ठेवायचा.
ला पाझपर्यंत आपण एकच शब्द बोललो:
"पाणी?"

सरोवराकाठच्या गावात दोन्या सातुर्निनाच्या घरी
मातीच्या भिंतीपलीकडून अचानक
कुकरची शिट्टी.
मी सवयीनं मोजू लागले. एक. दोन.
"इतक्या उंचीवर बटाटाही हट्टी होतो," ती म्हणाली,
आणि सातवीनंतर गॅस बारीक केला.
तिचा मुलगा साओ पावलोत दुसऱ्यांच्या पँटी शिवतो.
त्याची जुनी मोजपट्टी दाराच्या खिळ्याला,
वाऱ्यानं हलणारी.

जेवताना तू, तुझ्या तुटक्या स्पॅनिशमध्ये,
खरं तर मला ऐकू जावं म्हणून, तिला म्हणालास,
आमच्याकडे म्हणतात, मागचं विसरावं, पुढचं बघावं.
तिची नात लिदिया, तिनं ते आयमारात सांगितलं.
म्हातारीच्या कपाळाला आठी.
पुढचं? पुढे तर झालेलं असतं, ती म्हणाली,
ते दिसतंच की, न बघून जाईल कुठं?
यायचं ते मागून येतं.
मग बोट आपल्या मानेकडे नेऊन,
तुझ्या मानेला डोळे आहेत का रे, पोरा?
लिदिया खुदकन हसली.
तू बटाटा सोलत राहिलास,
साल संपली तरी.

सकाळी टेकडीवर एक मेंढी व्याली होती.
कोकरू अजून ओलं, पाय चौघे चार दिशांना.
सातुर्निनानं मला विचारलं नाही.
आपला आग्वायो सोडला, गुलाबी, हिरवा, कडेला विरलेला,
कोकरू त्यात गुंडाळून माझ्या पाठीवर टाकलं
आणि छातीशी गाठ मारली, करकचून.
"चल," म्हणाली. एवढंच स्पॅनिश.

उतरणीला मला ते दिसत नव्हतं.
फक्त मणक्यावर एक धडधड,
माझी की त्याची कळेना,
आणि मानेवर गरम फुरफुर.
समोर सरोवर, त्यापलीकडे बर्फाची रांग,
आणि आपण आलो तो सगळा रस्ता,
अगदी स्वच्छ, एकेक वळण मोजता येईल असा.
तू माझ्या मागून चालत होतास,
दोन्ही सॅक घेऊन, एकोणतीस किलो.
"शुक्रवार उद्या आहे," तू म्हणालास.
मी वळले नाही.
"त्याचं तोंड कसं दिसतंय?" मी विचारलं.
"कुणाचं?"
"माझ्या पाठीवरच्याचं."
तू जवळ आलास, धापा टाकत. वाकलास.
"झोपलंय," म्हणालास. मग थांबून,
"नाही. मुततंय."

ओल कमरेपर्यंत उतरली, ऊन ऊन.